नाक्यावरचा रोल, घरच्या तव्यावर



या सदरात आपण बहुधा घरातल्या रोजच्या गोष्टी बोलतो. महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या माणसांची दुखणी-खुपणी. आज मात्र एका खाण्याच्या पदार्थाविषयी बोलणार आहोत. हा पदार्थ आपल्या आज्या-पणज्यांनी कधी केला नाही, पण आपल्या मुलांच्या तोंडी तो रोज आहे. संध्याकाळी क्लास सुटला की नाक्यावरच्या गाडीपुढे जी गर्दी होते ती याच पदार्थासाठी. पोळीत गुंडाळलेला कबाब, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘रोल’.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्याच घरात उपटला. नववीत शिकणाऱ्या आमच्या मुलाने नाक्यावर उधारी केली होती. चार रोलचे तीनशे वीस रुपये. आम्हांला ते कळले तेव्हा घरात जे व्हायचे ते झाले. आवाज चढले, हातही उचलला गेला होता. पण आजी मध्ये येऊन उभी राहिली. “पोराला मारून उधारी फिटंल काय? आधी इचारा तरी,” ती म्हणाली.

विचारल्यावर जे बाहेर आले ते ऐकून आम्हीच गप्प झालो. ते चारही रोल त्याने एकट्याने खाल्ले नव्हते. त्याचे चार मित्र आळीपाळीने सगळ्यांना खाऊ घालतात. हा दोन महिने दुसऱ्यांच्या पैशांचे खात होता. एकदा कोणीतरी सहज म्हणाले, “तू कधी देणार?” तेव्हा याने गाडीवाल्याला गळ घातली आणि चौघांना खाऊ घालून स्वतः ‘भूक नाही’ म्हणाला. मुलांचेही एक जग असते आणि त्या जगात मान राखायला पैसे लागतात, हे आपण मोठी माणसे विसरतो.

गाडीवाल्याला आम्ही दोष देत नाही. त्यानेही पोराच्या तोंडाकडे बघून उधार दिले. आम्ही त्याचे पैसे चुकते केले आणि मुलाला म्हटले, “रविवारी मित्रांना घरी बोलव. इथेच रोल करू.”

त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “आई, ते येतील का आपल्या घरी जेवायला?”

हा प्रश्न त्याने का विचारला हे आम्हांला कळले, तुम्हांलाही कळले असेल. त्याचे उत्तर आम्ही देऊ शकलो नाही. “बोलवायचं काम आपलं. यायचं-न यायचं त्यांचं,” एवढेच आम्ही म्हणालो. त्या रविवारचे काय झाले ते शेवटी सांगू. आधी रोल कसा करायचा ते नीट समजून घेऊ, कारण बोलावणे केले तर ताट चांगलेच वाढले पाहिजे.

हे खाणे आले कुठून?

कबाब म्हटले की आपल्यातले काही जण उगीच बिचकतात, जणू ते नवाबाच्या पंगतीचे खाणे आहे. आमच्या आजीने मात्र एका वाक्यात निकाल लावला, “इस्तवावर भाजलेलं मटणच ना? मग त्यात नवं काय?” तिचे म्हणणे खरे आहे. भाजलेले मांस पोळीत गुंडाळून हातात धरून खाणे हे घाईत असलेल्या, कामावर निघालेल्या माणसाचे खाणे आहे.

कोलकात्याचा ‘काठी रोल’ प्रसिद्ध आहे. न्यू मार्केटजवळच्या ‘निझाम’ या जुन्या उपाहारगृहाशी त्याचे नाव जोडले जाते. पूर्वी मांस लोखंडी सळईवर भाजत, पुढे बांबूच्या काड्या आल्या आणि त्यावरूनच हे नाव पडले. बंगालीतली काठी आणि आपली काठी एकच. आपल्या मुंबईत १९६९ साली अमरजितसिंग टिब्ब यांनी ‘फ्रँकी’ आणली. बैरूत शहरात पाहिलेल्या गुंडाळीवरून त्यांना ती सुचली आणि वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल यांच्या नावावरून त्यांनी तिचे बारसे केले, असे सांगितले जाते.

परदेशातली गोष्ट याहून बोलकी आहे. १९६१ साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजूर भरतीचा करार झाला. हजारो तुर्की कामगार तिथल्या कारखान्यांत आले. ‘डोनर कबाब’ म्हणजे फिरत्या सळईवर भाजलेले मांस हे त्यांच्या देशातले ताटात वाढायचे खाणे होते. बर्लिनमध्ये आलेले कादिर नूरमान यांनी १९७२ साली ते पावात घालून विकायला सुरुवात केली, कारण कामावर जाणाऱ्या माणसाला बसून जेवायला सवड नसते. हा मान आपलाच असे म्हणणारे आणखीही काही जण आहेत. परंतु २०११ साली तुर्की डोनर उत्पादकांच्या संघटनेने नूरमान यांचा गौरव केला. आज जर्मनीत कुठल्याही गावात गेलात तरी डोनर मिळते. जे कामगार ‘पाहुणे’ म्हणून आले, त्यांचे खाणे त्या देशाचे खाणे झाले. आपल्याकडे दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी सुरू केलेल्या वडापावाची गोष्टही याच जातकुळीची आहे. तेव्हा रोल खाण्यात कसला कमीपणा नाही आणि कसला मोठेपणाही नाही.

आधी हिशेब

आमच्या नाक्यावर चिकन रोल ऐंशी रुपयांना मिळतो. आठ रोलचे झाले सहाशे चाळीस. घरी आठ रोलना आम्हांला काय लागले ते मांडतो. अर्धा किलो बिनहाडाचे चिकन १८० रुपये, चार अंडी २८, पीठ २०, दही २५, कांदा-कोथिंबीर-लिंबू-मिरची ३०, तेल, मसाला आणि गॅस मिळून ४०. एकूण ३२३ रुपये, म्हणजे एक रोल साधारण चाळीस रुपयांना पडला. तुमच्या बाजारात भाव वेगळे असतील, पण निम्म्याच्या आसपास खर्च येतो हे नक्की.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही. ती म्हणजे करणारीचे कष्ट. रोल घरी करायचे म्हणजे रविवारी दुपारीही आईनेच ओट्यापुढे उभे राहायचे, असे होणार असेल तर तो रोल महाग पडला म्हणायचा. आमच्याकडे ठरले ते असे: उधारी फिटेपर्यंत आठ रविवार पीठ मळायचे काम मुलाचे, कांदा चिरायचे काम त्याच्या वडिलांचे. मुलगी नेहमी हात लावतेच, म्हणून त्या दिवशी तिला सुट्टी.

मांस कोणते घ्यावे

चिकन सर्वांना चालते म्हणून मुख्य कृती चिकनची देतो. बिनहाडाचे महाग वाटत असेल तर तंगड्या घेऊन घरीच मांस सोडवावे. छातीच्या मांसापेक्षा तंगडीचे मांस मऊ राहते, कोरडे पडत नाही. हाडे टाकू नयेत. त्यांचा येसूर घालून रस्सा करावा. त्याच रात्री भाताबरोबर होतो.

खिम्याचे कबाबही होतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी बैलाचे मांस हेच गरिबाला परवडणारे मांस होते. गाईची कत्तल राज्यात १९७६ च्या कायद्याने आधीच बंद होती. बैल आणि वळूंनाही ती बंदी लावणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केली आणि २०१५ साली राष्ट्रपतींच्या संमतीने ती अमलात आली. म्हैस आणि रेडा या बंदीत येत नाहीत. तरीही काळजी म्हणून म्हशीचा खिमा परवानाधारक दुकानातूनच घ्यावा आणि पावती मागून घ्यावी. विनाकारण कटकट नको.

चिकन मुरविणे

अर्धा किलो चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. कांदा, कोथिंबीर आधी चिरून बाजूला ठेवावी आणि चिकन शेवटी चिरावे, म्हणजे कच्च्या मांसाचे पाणी कच्च्या कांद्याला लागत नाही. धुवायचे असेल तर पातेल्यात अलगद धुवावे. जोराच्या नळाखाली धरू नये, कारण शिंतोडे भांड्यांवर आणि ओट्यावर उडतात. नंतर विळी, पाट, ओटा आणि हात साबणाने स्वच्छ करावेत.

मुरविणे दोन वेळा करावे. पहिल्यांदा एक लहान चमचा मीठ, एका लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. सुटलेले पाणी काढून टाकावे. दुसऱ्यांदा चार मोठे चमचे घट्ट दही, दीड चमचा लाल तिखट, एक चमचा धनेपूड, पाव चमचा हळद, अर्धा चमचा गरम मसाला, दोन चमचे भाजलेले बेसन आणि एक मोठा चमचा तेल एकत्र करून तुकड्यांना लावावे. बाजारच्या कबाब मसाल्याच्या पुड्याची गरज नाही. आम्ही गरम मसाल्याऐवजी आजीचा येसूर घातला, तो झकास लागला.

दही घट्ट का? दही फडक्यात बांधून तासभर टांगले की पाणी निथळते. पातळ दही घातले तर तव्यावर पाणी सुटते आणि मांस भाजण्याऐवजी शिजते. घरचा कबाब ‘रश्शातल्या फोडीसारखा’ लागतो त्याचे मुख्य कारण हेच. बेसन उरलेले पाणी शोषून घेते आणि मसाला तुकड्याला धरून ठेवते. बेसन कच्चे घालू नये, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावे.

फ्रिज असेल तर दोन-तीन तास आत मुरू द्यावे. फ्रिज नसेल तर अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नये, तुकडे लहान असल्याने तेवढ्यात भागते. उन्हाळ्यात मुरविलेले चिकन बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवणे धोक्याचे आहे.

पोळी

दोन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे तेल. कोमट पाण्याने नेहमीच्या पोळीपेक्षा सैल मळावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. हा अर्धा तास टाळू नये. भिजलेले पीठ लाटताना मागे येत नाही आणि पोळी गुंडाळताना चिरत नाही. नुसत्या कणकेचीही पोळी होते, मैद्याने ती थोडी लवचिक होते इतकेच.

आठ गोळे करावेत. घडीची पोळी लाटतो तशी मध्ये तेल लावून घडी घालावी आणि आठ इंचाची लाटावी. दोन्ही बाजूंनी अर्धी-कच्ची भाजून फडक्यात गुंडाळून ठेवावी. कडक होऊ देऊ नये. हे काम पाहुणे येण्याआधी उरकता येते.

भाजणे

लोखंडी तवा चांगला तापवावा. दोन चमचे तेल सोडून तुकडे एकमेकांना न चिकटता पसरावेत. घाईने सगळे एकदम टाकले तर तवा थंड पडतो आणि पाणी सुटते. म्हणून दोन घाण्यांत करावे. पहिली तीन मिनिटे उलथने लावूच नये, खालची बाजू खरपूस होऊ द्यावी. मग उलटावे. सात-आठ मिनिटांत तुकडे होतात. सर्वांत मोठा तुकडा मोडून पाहावा. आत गुलाबी दिसता कामा नये, पाणी स्वच्छ निघाले पाहिजे. शंका आली तर आणखी दोन मिनिटे द्यावीत. मांस मुरविलेल्या भांड्यातला उरलेला मसाला कच्चा खाऊ नये, चटणीत मिसळू नये.

कोळशाचा वास हवा असेल तर धुंगार द्यावा. कोळशाचा लहानसा तुकडा गॅसवर लाल करून स्टीलच्या वाटीत ठेवावा, ती वाटी कबाबाच्या पातेल्यात ठेवून कोळशावर तेलाचे चार थेंब सोडावेत आणि दोन मिनिटे झाकण घालावे. झाले. मात्र खिडकी-दार उघडे ठेवावे. एका खोलीच्या घरात दार बंद करून कोळशाची शेगडी पेटविणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठूही देत नाही. आपल्या वस्त्यांतल्या घरांना खिडकी एकच असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

रंग आणि पांढरी चटणी

गाडीवरच्या कबाबाचा लालभडक रंग पाहून मुले भुलतात. तो रंग पुष्कळदा पुडीतला असतो. कर्नाटक सरकारने २०२४ साली कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. आपल्याला तो रंग लागतच नाही. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड घातली की रंग येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो.

दुसरी गोष्ट पांढऱ्या मेयोनीजची. ते कच्च्या अंड्याचे असेल आणि उन्हात उघडे राहिले तर त्यात रोगजंतू वाढतात. तेलंगणाने २०२४ साली आणि तमिळनाडूने २०२५ साली कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली होती. केरळात २०२२ साली शोर्मा खाऊन अनेक मुले आजारी पडली, एक शाळकरी मुलगी दगावली. त्यानंतर त्या राज्याने शोर्मा विक्रीचे नियम कडक केले. फिरत्या सळईवरचे मांस बाहेरून भाजलेले दिसते, पण गिऱ्हाइकाच्या घाईत आतला कच्चा भागही कापला जातो. सगळेच गाडीवाले निष्काळजी असतात असे नाही. परंतु मुलांना एवढे शिकवून ठेवावे की गरम आणि डोळ्यांदेखत भाजलेलेच खायचे.

आपली पांढरी चटणी अशी: एक वाटी घट्ट दही, चार लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर आणि दोन चमचे शेंगदाण्याचे बारीक कूट. कुटाने ती दाट होते, पोळीतून गळत नाही. हिरव्या चटणीला कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू. कांदा उभा पातळ चिरून मिठाने चोळावा, पिळून लिंबू लावावे.

गुंडाळणे

चार अंडी मीठ घालून फेटावीत. तापल्या तव्यावर तेल लावून अर्ध्या अंड्याएवढे मिश्रण ओतावे, लगेच त्यावर अर्धी भाजलेली पोळी दाबून ठेवावी. मिनिटभराने उलटावी. अंड्याची बाजू वर ठेवून खाली काढावी. मधोमध हिरवी चटणी, पाच-सहा तुकडे, कांदा, पांढरी चटणी. खालची कड इंचभर आत दुमडावी आणि बाजूने घट्ट गुंडाळावे. खालची कड दुमडायला विसरलात तर चटणी कोपरापर्यंत येते, हे आम्ही पहिल्याच रोलला शिकलो.

रोल गुंडाळायला साधा कोरा कागद किंवा बटर पेपर घ्यावा. वर्तमानपत्र घेऊ नये. छपाईच्या शाईतले घातक पदार्थ गरम तेलकट खाण्यात उतरतात. अन्न सुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे. हा नियम आमच्या या अंकालाही लागू आहे बरे! अंक वाचा, जपून ठेवा, शेजारणीला वाचायला द्या. पण त्यात रोल गुंडाळू नका.

हात आखडता असेल तर

महिनाअखेरीला चिकन परवडत नाही, हे आम्हांला सांगायला नको. तेव्हा सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. त्यांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात आणि त्या स्वस्त पडतात. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवून, दोनदा पिळून, वर सांगितलेलाच मसाला लावावा आणि तव्यावर खरपूस करावे. पिळण्यात कसूर केली तर वास राहतो. काळे हरभरे रात्री भिजवून, उकडून, कांदा-आले-मिरची घालून वाटले की त्याचेही लांबट कबाब होतात. वाटण ओले वाटले तर भाजलेले बेसन घालावे.

म्हशीच्या किंवा मटणाच्या खिम्याचे कबाब करायचे तर अर्धा किलो खिम्याला एक चमचा कच्च्या पपईचा गर लावून अर्धा तास ठेवावे, त्याहून जास्त नको, नाहीतर खिमा लिबलिबीत होतो. किसलेला कांदा घट्ट पिळून घालावा आणि मीठ-मसाल्यासह पाच मिनिटे चांगले मळावे. मळल्यानेच तो चिकट होतो आणि मोडत नाही. ओल्या हाताने बोटासारखे आकार देऊन तव्यावर फिरवत भाजावे.

तर त्या रविवारी

मुलाने चौघांना बोलावले होते. सकाळपासून तो पीठ मळत होता, मध्येच दाराशी जाऊन येत होता. आजीने नवे लुगडे नेसले होते. बारा वाजले, साडेबारा झाले. पोळ्या फडक्यात गुंडाळून तयार होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

पाऊण वाजता दोघे आले. एक जण चपला काढता काढताच म्हणाला, “काकू, वास गल्लीपर्यंत येतोय.” त्याने दोन रोल खाल्ले आणि आजीला विचारून येसूर कशाचा करतात ते ऐकून घेतले. दुसऱ्याने घरून सांगितल्याप्रमाणे चिकन खाल्ले नाही, नुसता अंड्याचा रोल खाल्ला. पण पाणी आमच्याच माठातले प्यायला आणि जाताना बहिणीसाठी एक बांधून मागितला. कोऱ्या कागदात बांधून दिला.

दोघे आले नाहीत. एकाने पाहुणे आल्याचे कळविले. दुसऱ्याने काहीच कळविले नाही. ते खरेच अडले होते की अडविले गेले होते, हे आम्ही मुलाला विचारले नाही. त्याने उरलेले रोल मोजले, एक स्वतः खाल्ला, एक बहिणीला दिला, आणि ताटे उचलून घासायला बसला.

सोमवारी शाळेतून आल्यावर त्याने दप्तर टाकले आणि सांगितले, “काही न कळवलेला तो म्हणत होता, ‘उरले होते का रे?’” एवढे बोलून तो हसला. आम्ही विचारले, “मग तू काय म्हणालास?” तो म्हणाला, “म्हटलं, पुढच्या रविवारी ये. पीठ मीच मळतो.”

अजून सात रविवार त्याच्या नावावर आहेत. तो मित्र येईल की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. पोळ्या मात्र आम्ही त्याच्या नावाच्या धरून करणार आहोत. तुम्हीही तुमच्या घरी एक रविवार असा करून पाहा. तुमच्याकडे मसाला कोणता घालता, आणि तुमच्या दारात कोण कोण आले, ते आम्हांला जरूर लिहा.